पाठ आहे, पण वाचता येतं का? घरशाळेची वही, ज्येष्ठ ते कार्तिक

सोमवार, ९ जून २०२५

संध्याकाळी हरिपाठाला बसलो होतो. नानांच्या (माझे सासरे) गळ्यात वीणा, माईंच्या (सासूबाईंच्या) हातात टाळ. थोरली लेक पुस्तिका पुढ्यात घेऊन ओळींवरून बोट फिरवत म्हणत होती, रोजच्यासारखी. मी धाकट्याला मांडीवर घेऊन तिच्या मागेच बसले होते म्हणून दिसलं: तोंड सातव्या अभंगावर आणि बोट पाचव्यावर. पान उलटायचं ती विसरली होती. तशीच पुढचे दोन अभंग म्हणून गेली, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

ती साडेसात वर्षांची आहे. ज्ञानोबारायांच्या हरिपाठाचे सत्तावीस अभंग तिला पाठ आहेत, अठ्ठाविसावा फलश्रुतीचा, तोही. घरी कुणी आलं की आम्ही तिला म्हणायला सांगतो, लोक कौतुक करतात. पुस्तिकेवरून फिरणारं ते बोट बघून मी दीड वर्ष धरून चालले होते की पोरीला वाचता येतं.

कुणाला काही बोलले नाही. उद्या नीट बघते.

मंगळवार, १० जून

जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापून वीस कार्डं केली. सगळे शब्द हरिपाठातलेच, जाड स्केचपेनने, एका कार्डावर एक. खेळ म्हणून समोर ठेवले.

वीसपैकी पाच आले. हरि, राम, नाम, मन, देव. तेही वाचून आले नाहीत, चित्र ओळखावं तसे ओळखले. 'हरि'चं कार्ड उलटं धरलं तरी हरि म्हणाली. मग मी 'हिरा' लिहून दाखवलं. "हरि." 'हरित' लिहिलं. "हरि."

सुटी अक्षरं विचारली. 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत तालात म्हणते. पण मधलंच 'ढ' दाखवलं की ओठ हलायला लागतात, 'क'पासून मनात म्हणत म्हणत तिथवर येते आणि मग सांगते. म्हणजे मुळाक्षरंसुद्धा तिने अभंगासारखीच पाठ केली आहेत.

पाठांतर इतकं पक्कं होतं की त्याच्या आड काय राहून गेलंय ते दिसलंच नाही. ते बघणं माझं काम होतं.

गुरुवार, १२ जून

यांची सेकंड शिफ्ट होती. चाकणहून साडेबाराला आले, जेवताना सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग सोमवारी शाळेत नाव घालू या. शाळा सोळाला उघडतेय."

रागाने नाही म्हणाले. पण मला लागलं, आणि दीडपर्यंत आम्ही बोलत बसलो. आपण मुलांना घरी का ठेवलं हे एकमेकांना पुन्हा एकदा सांगून झालं. वडिलांची शिफ्ट अशी की शाळेच्या वेळा धरल्या तर आठवडा-आठवडा मुलांना त्यांचं तोंड दिसणार नाही. कार्तिकातला काकडा, रोजचा हरिपाठ, एकादशी, पालखी हे आमच्या घराचं वर्ष आहे, आणि मुलांची पहिली सात-आठ वर्षं त्या वर्षातच जावीत असं दोघांनाही मनापासून वाटतं. तीर्थाला जाऊन आल्यासारखं नको, राहत्या घरासारखं हवं. याबद्दल आजही शंका नाही.

कायद्याचंही बोललो. २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देतो. घरी शिकवण्याबद्दल तो उघड काही म्हणत नाही. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, त्याची पाचवीची परीक्षा दहा वर्षं पूर्ण झाली की देता येते. दार कुठलंच बंद नाही. पण वाचताच आलं नाही तर परीक्षेच्या गप्पा कशाला.

शेवटी हे म्हणाले, "आपण माळ घातलीय म्हणून पोरीला अक्षर कमी, असं व्हायला नको."

ठरलं ते असं: दिवाळीपर्यंत मुदत. तिने कधीही न ऐकलेल्या दहा ओळी तिने स्वतः वाचल्या पाहिजेत. नाही जमलं तर दुसऱ्या सत्राला शाळा.

रविवार, १५ जून

नानांना आणि माईंना सांगितलं. नाना आधी मानायलाच तयार नव्हते. त्यांचं सगळं शिक्षण कानाने झालेलं. त्यांचे गुरुजी आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकलेले. १९१७ साली जोग महाराजांनी काढलेली ती संस्था, तिथे पाठांतर आधी. "पाठ झालं की अर्थ मागून येतो, माऊली," ते म्हणाले. (नाना सगळ्यांनाच माऊली म्हणतात, सुनेलाही.) मी म्हटलं, अर्थ येईल नाना, पण अक्षर आपोआप येत नाही. मग तिला बोलावून त्यांच्यासमोरच 'हिरा'चं कार्ड दाखवलं. "हरि," ती म्हणाली. नाना गप्प झाले.

दुपारी मी एक युक्ती काढली होती. अभंगाची ओळ वहीत लिहायची आणि त्यात एक शब्द मुद्दाम बदलायचा. पाठ म्हणत गेली तर चुकेल, बघून वाचलं तर सापडेल. दोन ओळी लिहूनही झाल्या. माईंनी त्या बघितल्या, म्हणजे मी त्यांना वाचून दाखवल्या. त्यांनी टाळ खाली ठेवला. "संतांच्या शब्दात आपण हात घालायचा नाही गं. लेकरू उद्या तेच धरून बसलं तर?"

मला वाटलं होतं मी वाद घालेन, पण ते पटलं. पान फाडलं. आजपासून नियम: हरिपाठ म्हणायचा, गायचा, त्याच्यावर वाचनाचा धडा घ्यायचा नाही. पुस्तिका देवघरात. थोरलीने बोट न फिरवता, डोळे मिटून म्हटलं तरी चालेल.

मग वाचायचं काय, हा प्रश्न राहिलाच. बालभारतीचं पहिलीचं पुस्तक फोनवर उतरवून घेतलं. ती चित्र बघून ओळ सांगते. चित्रावर हात ठेवला की थांबते.

शुक्रवार, २० जून

काल संध्याकाळी माऊलींच्या पालखीचं प्रस्थान झालं. आज पालखी आळंदीहून पुण्याला. पहाटे निघून दिघीला रस्त्याच्या कडेला जागा धरली. पाऊस नव्हता, पण हवा भरून आलेली.

रथापुढे २७ दिंड्या चालतात आणि मागे शेकडो. प्रत्येक दिंडीपुढे फलक असतो: नंबर, आणि रथापुढे की रथामागे. मी काही ठरवून नेलं नव्हतं. धाकट्याने विचारलं, "ही पुढची का मागची?" आणि थोरली फलकाकडे बघायला लागली. तेव्हा डोक्यात आलं. 'रथापुढे' आणि 'रथामागे', दोन्ही 'रथा'ने सुरू. पाठांतर इथे कामाचं नाही. पुढची अक्षरं बघावीच लागतात. एकही जोडाक्षर नाही. याहून चांगला धडा मी घरी बसून तयार केला नसता.

पहिल्या चार-पाच वेळा अंदाजाने सांगितलं, दोनदा चुकली. मग पायाच्या टाचा उचलून उभी राहिली आणि 'मा' शोधायला लागली. "मा... रथामा... मागे! ही मागची!" एक वारकरी मावशी चालता चालता थांबल्या, तिच्या गालांवरून हात फिरवला आणि पुढे गेल्या.

साडेनऊला माऊलींचा रथ आला. तेव्हा अर्थात कुणी काही वाचत नव्हतं.

परत येताना चहाच्या मांडवावर 'वारकऱ्यांसाठी मोफत चहा' असं होतं. 'मोफत' लावलं, 'चहा' लावलं. 'वारकऱ्यांसाठी'च्या 'ऱ्यां'पाशी पाच मिनिटं उभी होती. ते अर्ध्या चंद्रासारखं काय आहे, विचारते. सांगेन म्हटलं, अजून वेळ आहे त्याला.

मंगळवार, २४ जून

पालखी आज जेजुरीला. यंदा गुडघ्यामुळे नाना वारीला गेले नाहीत आणि त्यांचा जीव घरात लागत नाही. काल त्यांनी ट्रंकेतून वारीच्या वह्या काढल्या. दर वर्षी एक, शंभर पानी, सुतळीने बांधलेल्या. रोज मुक्कामाला बसून चार ओळी लिहायच्या असा त्यांचा नेम. अक्षर ठळक, सुटं सुटं, आणि वाक्यं अशी: 'सासवड. पाऊस. तंबू गळला. भाकरी पिठलं.'

मी ते पान बघितलं आणि नानांना म्हटलं, नाना, मला पुस्तक सापडलं.

सगळे छोटे शब्द. सगळं आमच्याच घरातलं, तरी तिने कधी न ऐकलेलं. आणि पुढे काय झालं हे कळायला वाचण्याशिवाय इलाज नाही, कारण मी नानांना बजावलंय की तोंडाने सांगायचं नाही.

आज मुक्कामांची नावं घेतली. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण ही तिने ऐकलेली, पटापट 'वाचली'. मी ती मोजत नाही. मग एका पानावर फक्त 'बरड' होतं. फलटणनंतरचा मुक्काम, हे नाव तिच्या कानावर कधी आलेलं नव्हतं. तीन अक्षरं, ना काना ना मात्रा. ब. र. पुढे बराच वेळ काही नाही. ओठ हलायला लागले, 'क'पासून निघाली असणार. "...ड. बरड. बरड म्हणजे काय नाना?"

नाना म्हणाले, "गाव आहे." त्यांचा आवाज जरा वेगळा लागला.

पूर्वी न ऐकलेला, निव्वळ अक्षरांवरून लावलेला तिचा हा पहिला शब्द. तारीख लिहून ठेवतेय, २४ जून.

रविवार, ६ जुलै, आषाढी एकादशी

धडा नाही. मुलांना उपवास करायला आम्ही लावत नाही, थोरलीने हट्टाने केला, संध्याकाळी भगर खाऊन झोपली.

गुरुवार, ३१ जुलै

महिना कसा गेला ते थोडक्यात. रोज सकाळी वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. क्रमाने अक्षरं घेणं सोडलं. पाच-सहा अक्षरं आणि एक-दोन स्वरचिन्हं घ्यायची, त्यांतून होतील तेवढे शब्द करायचे, मग पुढची. 'क'पासून निघायची सवय मोडायला याचाच उपयोग झाला, कारण आता मोजायला रांगच नाही. नंतर नानांच्या वहीचं एक पान. १९९४ची वही संपत आली.

आजची गोष्ट मात्र पखवाजाची. धाकटा पाच वर्षांचा, त्याला पखवाजाखेरीज काही सुचत नाही. नानांनी त्याला डाव्या तोंडाला, धूमेला, कणीक लावायला बसवलं. नुसतं पीठ आणि पाणी, पोळीच्या कणकेपेक्षा सैल. पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, आधी ओल्या फडक्याने पुसायची, मधोमध गोळा ठेवायचा आणि अंगठ्याने कडेकडेने दाबत पसरायचा. त्याने लिंबाएवढा गोळा लावला. नानांनी थाप मारली, आवाज वरच राहिला. "अजून घे." पेरूएवढा केला. थाप मारली आणि तो खर्ज घुमला तसा धाकटा दोन्ही हात पोटावर ठेवून म्हणाला, "इथे वाजलं."

का खाली गेला आवाज? जड झाली पुडी, हळू हलते. मग थोडी कणीक काढून, थोडी घालून तासभर हेच चाललं. थोरली बघत होती. ती उठली, वही आणली आणि कुणी न सांगता लिहिलं:

लिंबाएवढी आवाज वर
पेरूएवढी आवाज खाली

'पेरू'चा उकार ऱ्हस्व काढला होता. मी दुरुस्त केला नाही. तिने स्वतःच्या मनाने लिहिलेलं हे पहिलंच.

वाजवून झाल्यावर कणीक खरवडून काढली. तशीच ठेवली तर वाळून पुडीला धरून बसते.

बुधवार, २० ऑगस्ट

जोडाक्षरं. आठवडाभर 'र'नेच खाल्ला. सूर्यातला वर चढलेला, चक्रातला तिरका, राष्ट्रातला पायाशी बसलेला, आणि वारकऱ्यातला तो अर्धा चंद्र. एकाच अक्षराची चार रूपं, हे मोठ्यांना सवयीने खटकत नाही, पण मुलांसाठी ती चार वेगळी माणसं असतात. चहाच्या मांडवावरची पाटी मी जशीच्या तशी लिहून दिली. या वेळी 'ऱ्यां'पाशी थांबली नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर

दोघांनाही ताप, आठ दिवस वही बंद. पण एक गोष्ट लिहून ठेवायची आहे.

जूनमध्ये मला पाठांतराचा राग आला होता. आता तो राहिला नाही. तापाआधी नानांच्या वहीत 'वैकुंठ' आला. मोठी मुलंही अडखळतील असा शब्द. ती 'वै' म्हणाली, 'कुं' म्हणाली, आणि शब्द टुणकन बाहेर आला, कारण त्याचा आवाज कितीतरी वर्षं कानात होता. निरंतर, संसार, सज्जन, सर्वकाळ, असे किती शब्द तिच्याकडे आधीच आहेत. अक्षर फक्त त्यांच्यापर्यंत पोचायचं होतं. नानांचं म्हणणं अर्धं खरं होतं, आणि ते अर्धं मी जूनमध्ये ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

रविवार, १२ ऑक्टोबर

मुदत. वसुबारस शुक्रवारी आहे.

मजकूर यांनी लिहिला, मलाही आधी दाखवला नाही. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बसून मुलीला पत्र लिहिलं, मोजून दहा ओळी. पाकीट तिच्या हातात दिलं आणि स्वतः ओट्याला टेकून उभे राहिले.

तिला सतरा मिनिटं लागली. तीन शब्दांवर अडली: 'यंत्र', 'कॅन्टीन' आणि 'उर्वरित'. पहिला स्वतः सोडवला, दुसरा चौथ्या प्रयत्नात, तिसरा मी सांगितला. सहाव्या ओळीत होतं की रात्री मी येतो तेव्हा तू झोपलेली असतेस, तुझ्या पायावर पांघरूण घालून मी झोपतो. तिथे तिने वर बघितलं. "तुम्ही घालता? मला वाटलं आई घालते."

शाळेचा विषय तूर्त मिटला. तो कायमचा मिटला असं मी धरत नाही. गणितात ती वयापेक्षा मागे नाही, पण चार मुलांत बसून वाट बघणं, आपली पाळी येईपर्यंत गप्प राहणं हे आमच्याकडे कमी होतं. सध्या देवळात पहाटे काकडा चालू आहे, तिथे गावातली मुलं येतात. तेवढं पुरेसं आहे का, बघते आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

पौर्णिमेला काकडा संपला. आज संध्याकाळी हरिपाठाला वेळ होता, मी भाकरी थापत होते. थोरली देवघरातून पुस्तिका घेऊन आली आणि पायरीवर बसून वाचायला लागली. जूनपासून त्या पुस्तिकेला तिने हात लावला नव्हता. चाल न लावता, एक एक शब्द, पत्र वाचल्यासारखं. पहिला अभंग. तिसऱ्या चरणाशी थांबली.

"आई, इथे 'बाया' नाहीये."

मला कळेना. हात पिठाचे, तशीच बाहेर आले. तिने बोट ठेवलं होतं. वेदशास्त्र उभारी बाह्या सदा. "इथे 'ह'ला 'या' लागलाय. आपण 'बाया' म्हणतो."

आपण म्हणतो. मी मनात म्हणून बघितलं, आणि खरंच, घाईत माझ्याही तोंडून 'बाया'च येतं.

"बाह्या म्हणजे सदऱ्याच्या?" तिने विचारलं. नानांनी आतून ऐकलं होतं, ते बाहेर आले. बाही म्हणजे हात, बाह्या म्हणजे दोन्ही हात, सदऱ्याच्या बाहीला बाही म्हणतात ते त्यामुळेच. "वेदशास्त्रं हात उभारून सांगतायत," असं म्हणून त्यांनी स्वतःचे दोन्ही हात वर केले, दिंडीत करतात तसे.

ती म्हणाली, "मला वाटायचं वेदशास्त्र बायांना उभं करतं. तू आणि माई टाळ घेऊन उभ्या राहता तसं."

माई देवघराच्या दारात होत्या. "मी जन्मभर बायाच म्हणत आले गं," त्या म्हणाल्या. "माझी आई तसंच म्हणायची."

माई दुसरीपर्यंत शाळेत गेल्या, मग धाकटी भावंडं सांभाळायला घरी राहिल्या. हरिपाठ त्यांना आईच्या तोंडून आला. पन्नास वर्षं नाना शेजारी वीणा घेऊन उभे, पण सगळ्यांच्या सुरात एक अर्धा 'ह' ऐकू कसा येणार?

हरिपाठ सुरू झाला. तिसऱ्या चरणाला माईंनी थोरलीकडे बघितलं आणि 'बाह्या' असं स्वच्छ म्हटलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पुस्तिकेतल्या टिंबांची चौकशी. 'द्वारीं', 'संसारीं', 'तेणें', शेवटी टिंब आहे आणि आपण उच्चारत नाही, मग ते का? सांगितलं की पूर्वी असे शब्द नाकातून म्हणत, कोकणात काही लोक अजूनही म्हणतात, म्हणून तसं लिहीत. १९६२ साली लेखनाचे नवे नियम आले तेव्हा न उच्चारली जाणारी टिंबं काढून टाकली. "मग इथली का नाही काढली?" मी उत्तर द्यायच्या आत माईच म्हणाल्या, "संतांच्या शब्दात हात घालत नाहीत."

गेले तीन दिवस माई दुपारी तिच्या शेजारी बसतात. काय करता विचारलं तर म्हणतात, बसलेय जरा. थोरलीने जूनमधली कार्डं शोधून काढली आहेत. पण पुस्तिकेचा टाइप बारीक, माईंना दिसत नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर, कार्तिक वद्य एकादशी

आळंदी. पायी गेलो, साडेसहा किलोमीटर, माई आणि नाना रिक्षाने.

इंद्रायणीवर हातपाय धुऊन, लांबूनच कळसाचं दर्शन घेतलं. दर्शनाची रांग बघून मुलांना घेऊन आत जायचा विचार सोडला. मग पुस्तकांच्या दुकानांकडे वळलो. मोठ्या टाइपातला हरिपाठ हवा होता. थोरलीने दुकानदाराला सांगितलं, "मोठ्या अक्षरांचा दाखवा." त्याने तीन काढले. तिने प्रत्येकाचं पहिलंच पान उघडलं, तिसऱ्या चरणावर बोट ठेवलं आणि पुस्तक माईंच्या डोळ्यांपुढे धरलं.

"दिसतंय?"

पहिल्याला माईंनी मान हलवली. दुसऱ्यालाही. तिसरं त्यांनी हातात घेतलं, जरा लांब धरलं, बोट 'ह'खालच्या 'या'वर नेलं. तिथेच ठेवलं.

साठ रुपये. मी पर्स उघडत होते, पण माईंनी कनवटीची पुरचुंडी सोडून स्वतःचे दिले.